हीशमच्या कड्यावरील प्रार्थनामंदिर

इंग्लंडच्या लँकाशायर परगण्यात, मोरकम उपसागराच्या काठी हीशम नावाचे गाव आहे. तेथील वालुकाश्माच्या बुटक्या कड्यावर संत पॅट्रिकच्या नावाने ओळखले जाणारे प्रार्थनामंदिर भग्नावस्थेत उभे आहे. आठव्या किंवा नवव्या शतकातील ही वास्तू भरभराटीच्या काळीही सुमारे सात मीटर लांब आणि जेमतेम अडीच मीटर रुंद होती. आज तिच्या दक्षिणेकडील भिंतीतला अर्धवर्तुळाकार माथ्याचा दरवाजाच काय तो नजरेत भरतो.

पाचव्या शतकात जहाज फुटून पॅट्रिक याच किनाऱ्याला लागला, अशी लोकश्रुती आहे. आयर्लंडमधील दास्य आणि तेथून गलबतातून झालेली सुटका यांची हकीकत त्याने स्वतः लॅटिनमध्ये लिहून ठेवली आहे; पण तीत हीशमचे नाव कोठेही येत नाही, आणि मंदिर तर त्याच्यानंतर तीनशे वर्षांनी बांधले गेले. हा दावा कोणत्याही चोख कारकुनाने दप्तरी दाखल करून घेतला नसता. संताच्या नावाची पुण्याई मात्र खरी, कारण तिच्या ओढीने लोक आपले मृत या उघड्या, वाऱ्याने झोडपलेल्या माथ्यावर आणीत राहिले.

त्यांतील मातब्बरांनी काय केले, ते मंदिराच्या पश्चिमेस दिसते. सलग खडकात सहा थडगी ओळीने कोरलेली आहेत, आणि थोड्या अंतरावर आणखी दोन. काहींना डोक्याखांद्यांचा आकार दिला आहे, काही सरळ बाजूंची आहेत. उशाशी चौकोनी खाच आहे, ती बहुधा क्रूस रोवण्यासाठी. पाऊस पडून गेला की गुरांच्या दगडी डोणींसारखी ती पाण्याने भरतात. काही इतकी अरुंद आहेत, की त्यांत देहाऐवजी अस्थी ठेवीत असावेत, असाही एक तर्क आहे. लोखंडी छिन्नीने एवढा कातळ फोडण्याची ऐपत आणि हौस पाहता मला तो अगदीच त्याज्य वाटत नाही.

ज्यांची अशी ऐपत नव्हती, त्यांचा पत्ता 1977 व 1978 सालच्या उत्खननात लागला. मंदिराभोवती सुमारे ऐंशी दफने मिळाली, त्यांत पुरुष होते, बाया होत्या, मुले होती. मूळची वास्तू आणखी लहान होती आणि मागाहून ती वाढवण्यात आली, हेही त्याच वेळी उघड झाले. गिलाव्याच्या तुकड्यांवर रंगही सापडला. संताच्या चरित्रात यामुळे एका ओळीचीही भर पडली नाही, पण गावच्या चरित्रात पुष्कळच पडली.

कड्याच्या खालच्या अंगास सेंट पीटरचे चर्च आहे, आणि त्यात दहाव्या शतकातील, डुकराच्या पाठीसारखा फुगीर, कोरीव थडग्याचा दगड जपून ठेवला आहे. असे दगड उत्तर इंग्लंडात वसलेल्या नॉर्स लोकांच्या घडणीचे. त्यावरील माणसे आणि प्राणी सिगुर्दच्या कथेतील असावेत, असे काही अभ्यासक म्हणतात. ख्रिस्ती दफनभूमीत नॉर्स वीराची कथा कोरून घेणाऱ्या त्या यजमानाला पाद्र्याने हरकत घेतली होती की नाही, हे पाहण्यास मला पॅट्रिकच्या गलबतापेक्षा अधिक आवडले असते.