स्पायरल बायंडिंगमधलं दीड पान

पुण्या-मुंबईच्या वाचकाला मंडई म्हटलं की भाजी आठवते. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची. दुपारी दंडार हे लोकनाट्य, रात्रभर नाटक, जिलेबीची दुकानं, आणि घरात पाय ठेवायला जागा नाही इतके पाहुणे. गेल्या वर्षी या मंडईवरचा एक फील्ड प्रोजेक्ट माझ्याकडे तपासायला आला. मी याच जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर, स्पायरल बायंडिंग, बत्तीस पानं.

पहिली पाच पानं प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश आणि अनुक्रमणिकेत गेली. सहाव्या पानावर ‘भारत हा सणांचा देश आहे’ हे वाक्य होतं. त्या मोसमात ते मी इतक्या प्रोजेक्टांत वाचलं होतं, की ते पान आपोआपच उलटलं गेलं. मग जिल्ह्याची माहिती: १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, आठ तालुके, धानाचं कोठार. मग प्रश्नावली, होय-नाहीचे रंगीत चार्ट, फोटो.

तेविसाव्या पानाच्या मध्यावर मात्र अक्षर एकदम बदललं. म्हणजे टाइप तोच, पण लिहिणारी वेगळी. मंडईच्या दिवशी घरी सतरा पाहुणे होते, असं तिनं लिहिलं होतं. हलका धान कापून झाला होता, ‘पन’ विकला नव्हता. भारी धान अजून बांधीत उभा होता. किराणा उधारीवर आणला. आत्या मंडई पाहायला आली नव्हती, पोरगी पाहायला आली होती, आणि ती पोरगी म्हणजे प्रोजेक्ट लिहिणारीच. चहाचा ट्रे घेऊन ती बाहेर गेली तेव्हा दंडारीची ढोलकी सुरू झाली, म्हणून कोणी काय विचारलं ते तिला ऐकूच आलं नाही. दीड पान. त्यानंतर पुन्हा निष्कर्ष, शिफारशी, संदर्भसूची.

माझ्यासमोरच्या गुणपत्रकात रकाने होते: वेळेवर सादरीकरण, मांडणी, संदर्भ, तोंडी परीक्षा. त्या दीड पानासाठी रकाना नव्हता.

आता जरा व्यवस्थेकडे पाहू. गोंदियातली महाविद्यालयं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला जोडलेली आहेत. १९२३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत आज नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठात गेले. अभ्यासक्रम अभ्यास मंडळ ठरवतं, गुणांचा हिशेब परीक्षा विभाग ठेवतो, आणि सालेकसा किंवा देवरीच्या वर्गात प्रत्यक्ष लिहून कोण घेतं, कसं घेतं, हे त्या वर्गातल्या शिक्षकावर सोडलेलं असतं. मनोहरभाई पटेलांनी उभी केलेली गोंदिया शिक्षण संस्था आणि तिची धोटे बंधू, एन.एम.डी. ही महाविद्यालयं नसती, तर इथल्या कित्येकांना पदवीसाठी नागपूरची गाडीच धरावी लागली असती. त्यामुळे आमच्याकडे आजही वर्गात निम्मी मुलं अशी असतात, की घरात कॉलेजचा कागद लिहिणारी तीच पहिली.

या मुलांना आजवर लिहायला तरी काय लागत होतं? परीक्षेतली उत्तरपत्रिका. हौस असेल तर वार्षिकांकात एक कविता, बहुधा आईवर. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण आलं आणि चित्र बदललं. फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभागाचा उपक्रम, प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन घ्यायचं प्रशिक्षण, हे सगळं श्रेयांकांत आलं. अशा कामाचा एक श्रेयांक म्हणजे तीस तास. दोन श्रेयांकांच्या प्रोजेक्टसाठी साठ तास हिंडायचं, आणि शेवटी अहवाल लिहायचा. राइस मिलमध्ये जाणारा कॉमर्सचा मुलगाही लिहिणार, सारस मोजायला जाणारी विज्ञानाची मुलगीही. कोणी त्याला ‘लेखन कार्यक्रम’ म्हटलं नाही, पण आपल्या विद्यापीठांच्या इतिहासात इतक्या मुलांना परीक्षेबाहेर इतकं लिहायला आपण बहुधा पहिल्यांदाच लावलं आहे. त्यावर देखरेख कशी करायची, हे मात्र कोणी सांगितलेलं नाही. म्हणून आम्ही सोपं ते करतो. पानं मोजतो.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत या देखरेखीसाठी वेगळा माणूस नेमलेला असतो. त्याचं मूळ हार्वर्डमध्ये. १८७४ साली तिथं प्रवेश परीक्षेत निबंध आला आणि पुढे पहिल्या वर्षाला सक्तीचा लेखनवर्ग सुरू झाला. योगायोग असा, की त्याच १८७४ च्या जानेवारीत पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ काढली. तिकडे निबंध परीक्षेत शिरला, इकडे मासिकात. आपलाही पुढे परीक्षेतच गेला आणि ‘मी पंतप्रधान झालो तर’ होऊन बसला, हा भाग वेगळा.

तपासणीबद्दल बोलायचं तर एका माणसाचं नाव घ्यावंच लागतं. बी.एड. केलेल्या प्रत्येकाला हार्टोग समिती पाठ असते: १९२९ चा अहवाल, गळती आणि स्थगिती, पाच गुण. फिलिप हार्टोग मूळचे रसायनशास्त्रज्ञ. कलकत्ता विद्यापीठाची पाहणी करणाऱ्या सॅडलर आयोगात ते होते, आणि ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही तेच. आपल्या नोट्स इथं संपतात. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी जे केलं ते आपल्याकडे कोणी शिकवत नाही. १९३५ मध्ये त्यांनी आणि संख्याशास्त्रज्ञ रोड्स यांनी परीक्षांचीच परीक्षा घेतली. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका निवडल्या. मूळ परीक्षेत या पंधराही पत्रिकांना सारखेच, मध्यम गुण होते. त्या पंधरा अनुभवी परीक्षकांना दिल्या. वर्ष-दीड वर्षानं त्यातल्या चौदा जणांना त्याच पत्रिका नवे क्रमांक घालून पुन्हा दिल्या. चौदा परीक्षक, पंधरा पत्रिका, म्हणजे २१० निकाल. त्यातले ९२ निकाल बदलले. नापास, पास की विशेष, हे त्याच माणसानं त्याच कागदाबद्दल दुसऱ्यांदा वेगळं सांगितलं.

अमेरिकेत १९६१ मध्ये पॉल डिडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीनशे निबंध त्रेपन्न वाचकांना दिले. वाचक निरनिराळ्या पेशांतले होते, नऊ पायऱ्यांची मोजपट्टी होती, आणि निकष मुद्दामच सांगितले नव्हते. एकाही निबंधाला पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या नाहीत. शंभरातल्या चौऱ्याण्णव निबंधांना सात, आठ किंवा नऊच्या नऊ श्रेणी मिळाल्या. गंमत याच्या पुढे आहे. वाचक बेशिस्त नव्हते. त्यांचे गट पडत होते. कोणी कल्पना पाहत होता, कोणी शुद्धलेखन, कोणी मांडणी, कोणी शब्द, तर कोणी लिहिणाऱ्याचा सूर. प्रत्येकजण प्रामाणिकपणे वेगळ्याच गोष्टीला गुण देत होता.

मंडईच्या त्या प्रोजेक्टला मी पन्नासपैकी एकतीस दिले, कारण तीस पानं तिची नव्हती. माझ्या सहकाऱ्यानं बेचाळीस दिले, कारण बायंडिंग, चार्ट आणि संदर्भसूची नीट होती. दोघांनीही ते दीड पान वाचलं होतं. माझ्या आधी कोणीतरी त्यातल्या ‘पन’खाली लाल रेघ मारली होती.

या लाल रेघेचं काय करायचं, हा आमच्याकडचा खरा प्रश्न आहे. पुण्याच्या तपासनिसाला तो पडणार नाही. आमच्याकडच्या झाडीबोलीत ण नाही, ळ नाही. पाणी म्हणजे पानी, डोळा म्हणजे डोरा. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनी आयुष्य घालून दाखवून दिलं, की ही अशुद्ध मराठी नाही, स्वतःचे नियम पाळणारी बोली आहे. शिवाय वर्गात कोणाच्या घरी पोवारी, कोणाच्या घरी गोंडी, आणि बाजारात हिंदी. आमच्या फलाटावरून हावड्याकडे निघालं की पुढे राजनांदगाव लागतं. मराठी घरातले गजानन माधव मुक्तिबोध तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत हिंदीतले मोठे कवी झाले, आणि त्यांचे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी. एकाच लोहमार्गावर एकाच घराच्या दोन भाषा होतात, तिथं आमच्या मुलीनं एक ‘पन’ लिहिला तर काय बिघडलं?

पण मी लाल रेघेच्या विरोधात नाही. तलाठ्याच्या परीक्षेत त्या मुलीचा ‘पन’ कोणी समजून घेणार नाही, आणि ते तिला न सांगणं ही माया नव्हे, आळस आहे. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी काय म्हटलंय ते वाचा, त्यावर दोन ओळी लिहा, कागद परत द्या. ती दुसऱ्यांदा लिहील तेव्हा ण-न पाहा. आणि आत्याच्या तोंडचं बोलणं असेल तर दुसऱ्यांदाही हात लावू नका.

दुसऱ्यांदा लिहून घेणं ही काही परदेशातून आणायची गोष्ट नाही. १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी सभा काढली, तिच्या मराठी शाखेला उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा म्हणत. दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष. पोरं मराठीत निबंध लिहीत, सभेत उभं राहून वाचत, मंडळी त्यावर बोलत, आणि त्यातले लेख १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकात छापून येत. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ मध्ये. म्हणजे विद्यापीठाच्या आधी आपल्याकडे विद्यार्थ्यांचं लेखन ऐकणारी, त्यावर बोलणारी आणि ते छापणारी जागा होती. गुण नव्हते, श्रोते होते.

आता श्रोते गेले आणि एक्सेल शीट आली. मूल्यांकन समितीसाठी आम्ही दरवर्षी ‘अटेनमेंट’ काढतो. विद्यार्थ्याला लेखनकौशल्य किती प्राप्त झालं, ते तीनपैकी अमुक दशांश अमुक. हा आकडा येतो कुठून? आम्हीच दिलेल्या गुणांतून. हार्टोग साहेबांनी हे पाहिलं असतं तर दुसरा खंड लिहिला असता. लेखन कार्यशाळेचा पुरावा म्हणून जिओटॅग फोटो लागतो. फोटोत माइक धरलेले पाहुणे असतात, टाळ्या वाजवणारी मुलं असतात. लिहिणारं कोणी मला अजून दिसलेलं नाही.

विद्यार्थ्याचा कागद तपासणं वेगळं आणि लेखनाचा कार्यक्रम तपासणं वेगळं. दुसऱ्यासाठी आकडे नव्हे, कागदच लागतात: याच वर्गाचे, वर्षानुवर्षांचे, शेजारी शेजारी ठेवलेले. हार्वर्डच्या समितीनं १८९२ मध्ये विद्यार्थ्यांच्या हस्ताक्षरातले कागद जसेच्या तसे अहवालात छापले. हेतू त्यांना शिकवून पाठवणाऱ्या शाळांना लाजवण्याचा होता, पण त्यामुळेच ती पोरं काय आणि कसं लिहीत होती ते आज वाचता येतं. आम्ही एकदा दहा प्रोजेक्ट मधोमध ठेवून सगळे शिक्षक दोन तास बसलो. सगळ्यांनी तेच वाचायचं, गुण मोठ्यानं सांगायचे, मग भांडायचं. भांडण कडाक्याचं झालं. पण शेवटच्या दोन प्रोजेक्टांपर्यंत आमचे आकडे जवळ येऊ लागले. त्यासाठी ना निधी लागला, ना परिपत्रक. चहा मात्र तीनदा झाला.

असं एकत्र बसून वाचणं आता टाळता येणार नाही, कारण नुसती चाळणी पुरत नाही. वाङ्मयचौर्याबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, पुढे पायरीपायरीनं शिक्षा. ते मुख्यतः प्रबंधांसाठी. एआयनं लिहिलेली तीस पानं मात्र कुठल्याच पुस्तकाशी जुळत नाहीत, ती चाळणीतून सहज सुटतात. उधारीचा किराणा आणि ढोलकीच्या आवाजात बुडालेला प्रश्न यंत्राला ठाऊक नाही. मी यंदापासून मुलांना सांगितलं आहे, की प्रोजेक्ट आठ पानांचा हवा, पहिला कच्चा खर्डा हातानं लिहिलेला हवा, आणि तोही सोबत जोडायचा. बायंडिंग केलं तर परत देईन.

आमगावजवळ पदमपूर आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींच्या मते संस्कृत नाटककार भवभूतीचं पद्मपूर ते हेच. आमगावच्या महाविद्यालयाला नावही भवभूतीचंच आहे. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीचा हा आमचा गाववाला आपल्या वाचकांवर नाराज होता. आज नाही तर पुढे कधीतरी, कुठेतरी आपल्याला समजणारा निपजेल, एवढ्या आशेवर तो थांबला. विसाव्या वर्षातल्या मुलीला तेवढी सवड नाही. तिला पुढच्या सोमवारपर्यंत वाचक हवा असतो.

उत्तरपत्रिका ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात. प्रोजेक्ट जागेअभावी रद्दीत जातात. गोंदिया, तिरोडा, अर्जुनी मोरगावकडची मुलं चाळीस वर्षांपूर्वी काय लिहीत होती, हे सांगणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे महाविद्यालयांचे वार्षिकांक. तेही पूर्ण संच क्वचितच दिसतात. दिवाळीची आवराआवर करताना तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत असा एखादा जुना अंक सापडला, त्यात तुमची ती आईवरची कविता असली तरी, लाजून रद्दीवाल्याला देऊ नका. तो ज्या महाविद्यालयाचा आहे तिथल्या ग्रंथपालाकडे नेऊन द्या, आणि पोच घ्या.