छताखालचे पाणी

उत्तर फ्लोरिडाच्या जमिनीखाली चुनखडकाचा जाड थर आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, खडकाच्या भेगांत मुरते आणि हजारो वर्षांत त्या भेगांची भुयारे करते. पाण्याने भरलेले असे भुयार जमिनीवर उघडते, तिथे झरा वाहतो. सँटा फे नदीकाठचे जिनी स्प्रिंग्ज हे त्यांतलेच. पाणी बारमाही सुमारे २२ अंश सेल्सिअस आणि विलक्षण नितळ. हा नितळपणाच फसवा असतो.

समुद्रात शेकडो बुड्या मारलेला पाणबुड्याही इथे नवखा ठरतो. समुद्रात अडचण आली तर वर येता येते. गुहेत वर खडकाचे छत असते आणि सुटका फक्त आल्या वाटेने. तळाशी पिठासारखा गाळ साचलेला असतो. पायाचा एक चुकीचा फटकारा बसला की तो उसळतो आणि काही क्षणांत हातातला टॉर्चही दिसत नाही. म्हणून पाय बेडकासारखे बाजूला मारायचे आणि उघड्या पाण्यापासून सलग दोरी टाकत आत जायचे. दोरीवरचे बाणाच्या आकाराचे खुणेचे तुकडे जवळच्या मुखाची दिशा दाखवतात. अंधारात ते बोटांनी चाचपता येतात. प्रत्येकाजवळ किमान तीन दिवे असतात.

सगळ्यांत विचार करण्याजोगा आहे तो हवेच्या तिसऱ्या हिश्श्याचा नियम. टाकीत २१० बार दाब असेल, तर ७० संपताच मागे फिरायचे. समजा, अगदी टोकाला जोडीदाराची हवा संपली. आपल्याकडे १४० उरलेले. दोघांना परतायला ७० आणि ७०. हिशोब जेमतेम जुळतो, आणि घाबरलेला माणूस जास्त श्वास घेतो. म्हणजे हा नियम किमान मर्यादा सांगतो. जाणकार त्याहून आधीच फिरतात. झऱ्यात प्रवाह बाहेर ढकलतो, त्यामुळे परतताना हवा कमी लागते. पाणी आत ओढणाऱ्या गुहेत मात्र गणित उलटते.

हे नियम शेक एक्स्ली या गुहा-पाणबुड्याने अपघातांचा बारकाईने अभ्यास करून १९७९च्या पुस्तकात मांडले. प्रशिक्षण, दोरी, हवेचा राखीव साठा, खोलीची मर्यादा आणि दिवे यांपैकी काहीतरी चुकल्यानेच बहुतेक मृत्यू झाले होते. अनेक गुहांच्या तोंडाशी आता यमदूताचे चित्र असलेले फलक आहेत. मृतांत डायव्हिंगचे प्रशिक्षकही होते, असे त्यांवर स्पष्ट लिहिलेले आहे. जिनीच्या ‘बॉलरूम’ या दालनापुढची वाट तर लोखंडी जाळीनेच बंद केली आहे. पाणी तेवढे तिच्यातून येते.