जर्मनीचा लाडका इन्स्पेक्टर

जर्मनींत महिन्याकाठीं एखादी शुक्रवारची रात्र अशी येई, कीं सव्वाआठ वाजले म्हणजे घरोघर माणसें दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर येऊन बसत. जाड चष्म्याचा, डोळ्यांखालीं फुगीर वळ्या असलेला एक उंच पोलिस अधिकारी पडद्यावर येई, आणि त्याच्या संथ स्वरांत प्रश्नोत्तरें सुरू होत. या अधिकाऱ्याचें नांव श्टेफान डेरिक. त्याच्या कथांचा क्रम १९७४ पासून १९९८ पर्यंत चालला. २८१ भाग झाले आणि शंभराहून अधिक देशांत ते दाखविण्यांत आले. डेरिकला रूप देणारे नट म्हणजे होर्स्ट टाप्पर्ट.

टाप्पर्ट यांचा जन्म २६ मे १९२३ रोजीं एल्बरफेल्ड येथें झाला. हें गांव पुढें वुपर्टाल शहरांत सामावलें गेलें. नटाचा व्यवसाय त्यांनीं ठरवून पत्करला नव्हता. महायुद्ध संपल्यावर श्टेंडाल येथील नाटकगृहांत ते हिशेब लिहिण्यासाठीं राहिले, आणि वह्या सोडून थोड्याच दिवसांत रंगभूमीवर उभे राहिले. अनेक गांवांच्या नाटकगृहांत उमेदवारी करून ते म्यूनिकला आले. १९६३ सालीं इंग्लंडांत टपालगाडीवर मोठा दरोडा पडला होता. त्यावर रचलेल्या तीन भागांच्या जर्मन चित्रमालिकेंत, १९६६ सालीं, त्यांनीं दरोडेखोरांच्या म्होरक्याचें काम केलें आणि त्यांचें नांव घरोघर पोंचलें. पोलिस म्हणून अजरामर झालेल्या नटाला पहिली मोठी कीर्ति चोरानें मिळवून दिली, ही मौजेची गोष्ट होय.

डेरिकचें यश कशांत होतें? नेहमीच्या हेरकथेंत खुनी कोण, हें अखेरपर्यंत झांकून ठेवितात. येथें मात्र आरंभींच्या अनेक भागांत खुनी प्रथमच प्रेक्षकांस दिसे. कुतूहल उरे तें, तो सांपडतो कसा, एवढ्यापुरतें. डेरिक क्वचितच पिस्तूल काढी. गुन्हेगाराशीं बोलत तो त्याच्या मनाचा एकेक पापुद्रा सोडवी, आणि शेवटीं विजयाचा आनंद न दाखवितां खिन्न होई. सारे २८१ भाग हर्बर्ट राइनेकर या एकाच लेखकाचे होते. फ्रिट्स वेपर यांनीं रंगविलेला सहायक हॅरी क्लाइन सदैव सोबत असे. इटालींत ही मालिका इतकी रुजली, कीं उंबेर्तो एको यांच्यासारख्या पंडितानेंही तिच्या लोकप्रियतेचें कोडें सोडविण्याचा यत्न केला.

टाप्पर्ट १३ डिसेंबर २००८ रोजीं म्यूनिकजवळील प्लानेग येथें वारले. कथा येथेंच संपावयाची. परंतु २०१३ सालीं जुन्या सैनिकी दप्तरांतून एक नोंद बाहेर आली. १९४३ च्या मार्चांत, वयाची विशी पुरी होण्यापूर्वीं, टाप्पर्ट वाफेन एस. एस. या सशस्त्र नाझी दलांत ‘टोटेनकोफ’ पथकांत होते. ही गोष्ट त्यांनीं जगापुढें कधींच मांडली नव्हती. झेड. डी. एफ. या जर्मन दूरचित्रवाणी संस्थेनें मालिकेचें पुनःप्रक्षेपण न करण्याचें जाहीर केलें.

न्युरेंबर्गच्या न्यायासनानें १९४६ सालीं एस. एस. ही संघटना गुन्हेगार ठरविली. मात्र सक्तीनें भरती केलेल्यांस त्यांतून वगळलें. टाप्पर्ट आपखुशीनें गेले कीं बळजबरीनें, आणि तेथें त्यांच्या हातून काय घडलें, हें त्या नोंदींतून कळत नाहीं. तेव्हां निव्वळ नोंदीवरून त्यांस खुनी म्हणणें अन्यायाचें होईल. पण मौन हें शिल्लक राहतेंच. एकोणीस वर्षांच्या पोराची चूक समजूं शकते. पासष्ट वर्षें ती झांकून ठेवणें समजावयास अधिक कठीण आहे.

या प्रकरणाची धार मालिकेच्या गाभ्यालाच लागते. डेरिकच्या प्रत्येक कथेंत एक माणूस आपलें पाप दडपून सभ्यपणें जगत असतो, आणि डेरिक त्याच्या घरीं जाऊन म्हणतो, बोल. प्रेक्षक मनोमन डेरिकच्या बाजूचे असत. ज्या पिढीनें स्वतःचा भूतकाळ पुष्कळ वर्षें उघडपणें बोलून दाखविला नाहीं, त्या पिढीलाच हा प्रश्न करणारा माणूस इतका आवडावा, यांत कांहीं अर्थ आहे. टाप्पर्ट यांचा अभिनय खोटा होता असें त्यावरून ठरत नाहीं. कदाचित् त्यांच्या चेहऱ्यावरील खिन्नता प्रेक्षकांस वाटे त्याहून खरी असेल. मात्र तो प्रश्न डेरिकनें त्या एका घरीं जाऊन कधीं विचारला नाहीं.