खरं-खोटं ठरवायचं कुणी?

कोपरखैरण्यातल्या आमच्या गटाच्या मासिक बैठकीत एका ताईंनी मोबाइल पुढे केला. 'केंद्र सरकारनं बचत गटांची कर्जं माफ केली, हप्ते भरू नका.' बँकेत विचारलं, तर तसं काहीच नव्हतं. एक काकू म्हणाल्या, "असले मेसेज सरकार काढून का टाकत नाही?"

नेमका हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञान नियम बदलले. केंद्राच्या कामकाजाबद्दलचा कोणता मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा, हे केंद्रानंच नेमलेला तथ्य तपासणी कक्ष ठरवणार होता. असा मजकूर फेसबुक, यूट्यूबसारख्या कंपन्यांनी तसाच ठेवला, तर त्यांचं कायदेशीर संरक्षण जाण्याची भीती होती. मग कंपनी कशाला धोका पत्करेल? मजकूरच काढेल.

विनोदी कलाकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड ऑफ इंडिया आणि इतरांनी या नियमाला आव्हान दिलं. खोट्या बातम्यांनी लोकांचं नुकसान होतं, असं सरकारनं सांगितलं. ते आपण अनुभवतोच. पण समजा, 'उज्ज्वलाचं अनुदान खात्यात आलं नाही' असं एखादीनं लिहिलं. ती अफवा की तक्रार, हे सरकारनंच कसं ठरवायचं?

३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. न्या. गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला, न्या. नीला गोखले यांनी वैध. २० मार्चला केंद्रानं कक्ष अधिसूचित केला. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. शेवटी २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी निकाल दिला : हा नियम समानतेच्या आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा भंग करतो, आणि 'खोटं', 'दिशाभूल करणारं' हे शब्द फार मोघम आहेत. दोन विरुद्ध एक मतानं नियम रद्द झाला.

म्हणजे अफवा पसरवायला मोकळीक मिळाली का? नाही. सरकार आजही खुलासा करू शकतं, आणि आपणही मेसेज पुढे पाठवण्याआधी बँकेत, ग्रामपंचायतीत विचारायला हवं.

आपल्या गटात जी हिशेब लिहिते, तिलाच आपण तो तपासायला देत नाही. तिच्यावर अविश्वास असतो म्हणून नव्हे, पद्धत चोख राहावी म्हणून. काकूंना मी हेच सांगितलं.