आनंदीबाईंचे कागद

स्मृतिव्याख्यान हे एका व्यक्तीचे स्मरण असते. परंतु स्मरण टिकते कशाच्या आधारावर? हा प्रश्न डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्राच्या अनुषंगाने श्रोत्यांपुढे ठेवीत आहे.

कल्याण येथे 31 मार्च 1865 रोजी जन्मलेल्या आनंदीबाई 1883 साली अमेरिकेस गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून 11 मार्च 1886 रोजी एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली. तथापि तेथे रुजू होण्यापूर्वीच, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, क्षयाने पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची 22 वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

ज्यांचे कार्य सुरूच होऊ शकले नाही, त्या आपणांस इतक्या परिचित कशा? उत्तर एकच : कागद जपले गेले. कॅरोलाइन हीली डॉल या अमेरिकन लेखिकेने 1888 मध्ये त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. पुढे काशीबाई कानिटकरांनी ते मराठीत लिहिले. महाविद्यालयाचे दप्तर आज ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. प्रवेशासाठी आनंदीबाईंनी 28 जून 1883 रोजी लिहिलेले पत्र आता संगणकावर कोणालाही वाचता येते.

या विद्येस डिजिटल मानव्यविद्या म्हणतात. तिच्या मुळाशी तीन साध्या गोष्टी आहेत. कागदाची स्वच्छ प्रतिमा घेणे, हस्ताक्षर वाचून मजकूर टंकित करणे आणि कोणी, केव्हा, कोणास लिहिले याची नोंद ठेवणे. केवळ प्रतिमा घेतली तर कागद टिकतो, पण हवा तेव्हा सापडत नाही. शोध शक्य होतो तो मजकूर व नोंद यांमुळे.

आपल्या बीदरला हे निराळे सांगावयास नको. महमूद गवानने 1472 साली उभारलेल्या मदरशात तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगतात. इमारतीचा भाग आजही उभा आहे; तो ग्रंथसंग्रह मात्र राहिला नाही.

मैलूरपासून कलबुर्गीपर्यंत कितीतरी घरांत मोडीतील खतपत्रे, उर्दू सनदा, मराठी-कन्नड पत्रे ट्रंकेत पडून असतील. आज या सभेत बसलेल्या माजी विद्यार्थ्यांनी घरी गेल्यावर ती ट्रंक एकदा उघडावी, आणि मोडी वाचणारे वडीलधारे हयात आहेत तोवर त्यांच्याकडून एक तरी कागद वाचून, लिहून घ्यावा. खरे स्मरण तेथून सुरू होते.