टाउबरच्या काठाने, सायकलच्या वेगाने

दक्षिण जर्मनीतली टाउबर ही काही मोठी नदी नाही. उगमापासून माइन नदीला मिळेपर्यंत तिची लांबी सुमारे १३० किलोमीटर. तिच्यावर मोठी बंदरं नाहीत की मालवाहू जहाजांची ये-जा नाही. पण रोटेनबुर्गपासून वेर्टहाइमपर्यंत तिच्या काठाने जाणारा जवळपास १०० किलोमीटरचा सायकलमार्ग जर्मनीतल्या उत्तम मार्गांमध्ये गणला जातो. १९७९मध्ये स्थापन झालेली ‘एडीएफसी’ ही तिथल्या सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना. रस्त्याचा पृष्ठभाग, दिशादर्शक पाट्या, सुरक्षितता, मुक्कामाची सोय, रेल्वेची जोड असं सगळं तपासून ती लांबच्या मार्गांना तारे देते. टाउबरच्या मार्गाला पाचपैकी पाच तारे मिळाले आहेत.

सराव असलेला सायकलपटू हे अंतर एका दिवसात कापेल. तिथे येणारे बहुतेक लोक मात्र त्याला तीन-चार दिवस देतात आणि तेच शहाणपणाचं आहे. या खोऱ्यातली गावं एकमेकांपासून तीन-चार किलोमीटरवर वसली, ती माणूस पायी शेतावर जाऊन संध्याकाळपर्यंत घरी परतत होता त्या काळात. बाजारपेठेची गावंही बैलगाडीच्या हिशेबानेच एकमेकांपासून दूर आहेत. मोटारीतून जाताना ही गावं नुसती पाट्यांवरची नावं होऊन मागे पडतात. सायकलवर दर पंधरा मिनिटांनी एक गाव समोर येतं आणि प्रत्येक गाव थांबायला काही ना काही कारण देतं.

गरिबीने जपलेलं शहर

रोटेनबुर्ग नदीच्या वर, उंच कड्यावर आहे. तटबंदी, बुरूज आणि लाकडी चौकटींची घरं यांमुळे ते जगभरातल्या पर्यटकांच्या यादीत असतं. इथलं जुनेपण टिकलं त्याला गरिबी कारणीभूत आहे. मध्ययुगात हे स्वतंत्र, श्रीमंत नगर होतं. तीस वर्षांच्या युद्धात, १६३१मध्ये, सेनापती टिली याच्या फौजेने ते जिंकलं आणि त्यानंतर शहराची रया गेली. जुनी घरं पाडून नवी बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून जुनी घरं राहिली.

आज दिसतं ते सगळंच मात्र जुनं नाही. ३१ मार्च १९४५च्या हवाई हल्ल्यात जुन्या शहराचा मोठा भाग जळाला. पुढे तोफांचा मारा करून उरलेलं शहरही उद्ध्वस्त होऊ शकलं असतं. ते टळलं, त्यात अमेरिकेचे तत्कालीन साहाय्यक युद्धमंत्री जॉन मॅक्लॉय यांचा हात होता. आपल्या आईकडून त्यांनी या शहराबद्दल ऐकलं होतं. युद्धानंतर तट पुन्हा उभारायला जगभरातून देणग्या आल्या. तटावरच्या झाकलेल्या वाटेने चालताना देणगीदारांची नावं कोरलेले दगड ओळीने दिसत राहतात.

शहराच्या वेशीतून सायकल बाहेर काढली की रस्ता वळणं घेत नदीपर्यंत उतरतो. रोटेनबुर्ग समुद्रसपाटीपासून सव्वाचारशे मीटरवर आहे, तर वेर्टहाइम दीडशेच्या आत. म्हणजे एकूण वाट उताराची. तरीही ती सरळ सपाट नाही. खोरं अरुंद होतं तिथे वाट नदीकाठ सोडून टेकडीच्या अंगावर चढते आणि वळसा घालून पुन्हा पाण्याजवळ येते. अशा छोट्या चढांवर गिअर खाली आणून संथ पायडल मारत राहणं, एवढंच कौशल्य लागतं. ज्यांना घाम गाळायचा आहे त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंच्या पठारांवरून जाणारा वेगळा, चढउतारांचा मार्गही आखलेला आहे.

लाकडात कोरलेली माणसं

रोटेनबुर्गचं सेंट याकोब चर्च, खाली नदीकाठच्या डेटवांगचं छोटं चर्च आणि पुढे क्रेग्लिंगेन या तिन्ही ठिकाणी एकाच शिल्पकाराचं काम आहे: टिलमान रीमेनश्नायडर. त्याची कार्यशाळा वुर्झबुर्गला होती. क्रेग्लिंगेनची वेदी पाहायला गावाबाहेर, एका बाजूच्या दरीतल्या हेरगॉट चर्चपर्यंत जावं लागतं. नांगरताना एका शेतकऱ्याला १३८४मध्ये मातीत पवित्र प्रसादाची चकती सापडली, अशी श्रद्धा आहे आणि त्या जागी हे चर्च उभं राहिलं.

आतली मेरीची वेदी साधारण १५०५ ते १५१० या काळातली आहे. त्या काळी लाकडी मूर्ती रंगवून सोन्याने मढवायची पद्धत होती. ही वेदी रंगवलेली नाही. लिंडेन झाडाचं मऊ, एकसंध लाकूड आणि त्यावर छिन्नीचं काम, बस्स. मेरी स्वर्गात जाते आहे आणि खाली येशूचे शिष्य उभे आहेत. जवळ जाऊन बघितलं की प्रत्येकाचा चेहरा वेगळा दिसतो. कुणाच्या कपाळाला आठ्या, कुणाचे गाल खोल गेलेले, कुणाच्या हाताच्या शिरा वर आलेल्या. अंगावरच्या वस्त्रांच्या चुण्यांत सावली इतकी खोल उतरते की रंगाची उणीव जाणवतच नाही. धर्मसुधारणेनंतर हा भाग प्रोटेस्टंट झाला, १५३०च्या सुमारास वेदी फळ्यांनी बंद करण्यात आली आणि १८३२पर्यंत ती तशीच झाकलेली राहिली. तीनशे वर्षांच्या त्या अंधाराने तिला जपलं.

बंडखोरांचं खोरं

या रम्य खोऱ्याला रक्ताचा इतिहास आहे. टाउबरबिशॉफ्सहाइमच्या पुढे निक्लासहाउजेन हे लहानसं गाव लागतं. १४७६मध्ये हान्स ब्योम नावाचा एक मेंढपाळ, जत्रेत ढोल वाजवणारा तरुण, इथे प्रवचन करू लागला. जंगल, पाणी आणि चराऊ रानं सगळ्यांची आहेत, कर आणि वेठ बंद झाली पाहिजे, धर्मगुरूंनी आणि सरदारांनीही कष्ट करून खावं, असं तो सांगत होता. त्याला ऐकायला हजारोंच्या संख्येने माणसं लोटली. वुर्झबुर्गच्या बिशपने त्याला पकडून नेलं आणि १९ जुलै १४७६ रोजी जिवंत जाळलं.

त्याच्या मागण्या मात्र जळाल्या नाहीत. पन्नास वर्षं व्हायच्या आत, १५२५मध्ये, जर्मन शेतकऱ्यांचं मोठं बंड पेटलं. २ जूनला याच नदीकाठच्या क्योनिग्जहोफेनला सरदारांच्या फौजेने शेतकऱ्यांची कत्तल केली. त्या वर्षी वुर्झबुर्गच्या नगरसभेने शेतकऱ्यांविरुद्ध शस्त्र उचलायला नकार दिला होता. रीमेनश्नायडर त्या सभेचा सभासद होता, त्याआधी नगराध्यक्षही राहिलेला. बंड मोडल्यावर त्याला तुरुंगात टाकलं, त्याचा छळ केला आणि त्याची बरीच मालमत्ता जप्त झाली. १५३१मध्ये तो वारला. क्रेग्लिंगेनच्या त्या सुरकुतलेल्या, थकलेल्या चेहऱ्यांचा कारागीर कष्टकऱ्यांच्या बाजूचा ठरला, हे माहीत असलं की पुढचा प्रवास वेगळ्या नजरेने होतो.

करडा दगड, तांबडा दगड

सायकलच्या वेगाने जाताना जमिनीतला बदलही ध्यानात येतो. रोटेनबुर्गपासून बरंच अंतर दोन्ही बाजूंना करडा चुनखडक आहे. चर्च, पूल, कुंपणं सगळी त्याच रंगाची. टेकड्यांच्या उतारावर वरपासून खालपर्यंत दगडांच्या उभ्या रांगा दिसतात. द्राक्षमळे करताना शतकानुशतकं मातीतून निघालेले दगड शेतकऱ्यांनी बांधावर टाकले, त्यांच्या या रांगा. अनेक ठिकाणी मळे गेले, पण या तापलेल्या दगडांत आता सरडे आणि रानफुलं नांदतात. टाउबरबिशॉफ्सहाइम मागे टाकलं की हळूहळू तांबडा वालुकाश्म सुरू होतो. ११५१मध्ये स्थापन झालेला ब्रोनबाखचा मठ आणि वेर्टहाइमचा पडका किल्ला या तांबड्या दगडाचे आहेत.

मधली गावंही वेगवेगळ्या स्वभावाची. र्‍योटिंगेनमध्ये भिंतींवर आणि चौकांत सूर्यघड्याळं. वायकर्सहाइममध्ये होहेनलोहे घराण्याचा राजवाडा आणि अठराव्या शतकातली आखीवरेखीव बाग, तिच्या कठड्यावर दरबारातल्या माणसांचे ठेंगणे पुतळे. बाड मर्गेन्टहाइम हे १८०९पर्यंत ट्युटॉनिक या सरदारी धर्मसंघाचं मुख्य ठाणं. १७९१मध्ये तरुण बेथोवन बॉनच्या दरबारी वाद्यवृंदाबरोबर इथे आला होता. १८२६मध्ये एका मेंढपाळाला इथे खारट पाण्याचा झरा सापडला आणि गाव आरोग्यस्नानांसाठी प्रसिद्ध झालं. टाउबरबिशॉफ्सहाइमची ओळख तलवारबाजीची. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये महिलांच्या फॉइल प्रकारातली तिन्ही वैयक्तिक पदकं याच गावच्या क्लबच्या खेळाडूंनी जिंकली.

जेवायला थांबल्यावर ग्र्युनकेर्नचं सूप जरूर मागवावं. डिंकेल हा आपल्या खपलीच्या कुळातला जुना गहू. तो पुरता पिकायच्या आधी, दाणा हिरवा आणि दुधाळ असताना कापून धुराच्या भट्टीवर वाळवतात. भाजका, किंचित धुरकट वास येतो आणि ज्वारीच्या हुरड्याची आठवण होते. टाउबरच्या पश्चिमेच्या बाउलांड भागाची ही खासियत. या खोऱ्यात फ्रांकेन, व्युर्टेमबर्ग आणि बाडेन असे वाइनचे तीन प्रदेश भेटतात. टाउबरश्वार्त्स ही इथली काळी द्राक्षजात विसाव्या शतकात जवळजवळ नाहीशी झाली होती, आता पुन्हा लावली जाते. पण सायकल चालवायची असेल तर पेला संध्याकाळसाठी राखावा. मद्य पिऊन सायकल चालवणं हा तिथे गुन्हा ठरू शकतो.

निवांतपणामागची व्यवस्था

हा प्रवास इतका सुखाचा का होतो, याचं उत्तर निसर्गाइतकंच नियोजनातही आहे. वाट बरीचशी शेतरस्त्यांवरून जाते. वारसाहक्काने शेतांचे बारीक तुकडे झाले होते. युद्धानंतर, १९५३च्या कायद्याने तुकडेजोडीला वेग आला आणि नव्याने आखलेल्या शेतांपर्यंत पक्के रस्ते झाले. या रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि सायकली चालतात, इतर मोटारींना बहुधा बंदी असते. सायकलसाठी वेगळं काही बांधावं लागलं नाही, होतं त्याला पाट्यांनी जोडलं. प्रत्येक फाट्यावर पांढऱ्या पाटीवर हिरव्या अक्षरांत पुढच्या गावाचं नाव आणि अंतर लिहिलेलं असतं.

जर्मनीतल्या इतर डोंगराळ भागांत बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचं असंच सोनं झालं. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे रूळ काढून केलेल्या वाटा डोंगरातही सौम्य चढाच्या राहतात. र्‍योन टेकड्यांतला मिल्झेबुर्ग मार्ग ११७२ मीटर लांबीच्या जुन्या बोगद्यातून जातो. हिवाळ्यात तो बोगदा बंद ठेवतात, कारण तेव्हा तिथे वटवाघळांची शीतनिद्रा चालू असते.

टाउबरकाठी रेल्वे अजून चालू आहे. वायकर्सहाइमपासून वेर्टहाइमपर्यंत ती नदीची सोबत करते, त्यामुळे पाऊस आला किंवा पाय थकले तर सायकलसह गाडीत बसता येतं. मुक्कामासाठी एडीएफसीने मान्यता दिलेली ‘बेट उंड बाइक’ची ठिकाणं आहेत. एकाच रात्रीसाठीही खोली, सायकलला कुलूपबंद जागा, ओले कपडे वाळवायची सोय, भरपेट न्याहारी आणि दुरुस्तीची हत्यारं, एवढं त्यांना द्यावंच लागतं. ई-बाइकमुळे वयाची अडचणही कमी झाली आहे. २०२३मध्ये जर्मनीत विकल्या गेलेल्या सायकलींपैकी निम्म्याहून जास्त ई-बाइक होत्या.

सायकलचा पूर्वजही याच मुलखाजवळचा. कार्ल ड्राइस या बाडेनच्या वनाधिकाऱ्याने १२ जून १८१७ रोजी मॅनहाइमहून आपलं लाकडी दुचाकी यंत्र जमिनीला पाय रेटत चालवून दाखवलं.

जायचं असेल तर

मे ते सप्टेंबर हा उत्तम काळ, सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षांची तोडणी बघायला मिळते. रोजचं अंतर तीस-पस्तीस किलोमीटरच ठेवावं. रोटेनबुर्ग ते वायकर्सहाइम, तिथून टाउबरबिशॉफ्सहाइम आणि मग वेर्टहाइम, असे तीन टप्पे सहज पडतात. रविवारी दुकानं बंद असतात आणि खाणावळी आठवड्यातून एखादा दिवस सुट्टी घेतात, म्हणून पाणी आणि खाऊ जवळ असावा.

मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी शहरं आहेत. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्यांमध्येही २०१५पासून भागीदारीचा करार आहे आणि टाउबरचा बराचसा काठ त्याच राज्यात येतो. उद्योग आणि तंत्रज्ञानासाठी शिष्टमंडळं जात-येत असतात. त्यांनी एकदा हे शेतरस्तेही बघावेत. आपल्याकडे पाणंद रस्ते आहेत, नदीकाठची जुनी गावं आहेत, घाटाखाली उतरणाऱ्या वाटा आहेत. पक्की पाणंद, फाट्यावर खरं अंतर सांगणारी पाटी, सायकल घेऊन चढता येईल अशी गाडी आणि रात्री सायकल आत घेणारं घर, एवढ्या चार गोष्टी जुळल्या तर आपल्या खोऱ्यांतही असा प्रवास होऊ शकतो. त्यांपैकी एकीलाही अवाढव्य खर्च लागत नाही. लागतं ते सातत्य, आणि संथ जाणाऱ्या माणसालाही रस्त्यावर हक्क आहे ही मान्यता.