दर पाहिला, जबाबदारी पाहिली काय?

वस्तू कोणाकडून घ्यावयाची हे ठरविण्याचे स्वातंत्र्य ग्राहकास असावे, याविषयी आज कोणी वाद घालीत नाही. परंतु घरात अहोरात्र लागणाऱ्या गॅसची किंवा विजेची खरेदी ही भाजीच्या किंवा कापडाच्या खरेदीसारखी नव्हे. भाजी एका दुकानी महाग वाटली तर माणूस दुसऱ्या दुकानी जातो आणि पैसे मोजले की व्यवहार संपतो. गॅसचा व्यवहार बिल चुकते केल्याने संपत नाही. रात्री-अपरात्री मीटर बंद पडतो तेव्हाच त्याची खरी कसोटी लागते. ग्रेट ब्रिटनमधील गृहस्थ गेली जवळजवळ तीन दशके हा धडा गिरवीत आहे. तेथे आता अनेक मराठी कुटुंबे संसार करीत आहेत आणि तिकडच्यासारखी व्यवस्था आपल्याकडेही येऊ घातली आहे. म्हणूनच या प्रश्नाची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ब्रिटनमधील गॅसचा उद्योग १९८६ च्या कायद्याने सरकारी मालकीतून खासगी मालकीत गेला. घरगुती ग्राहकास पुरवठादार निवडण्याची मुभा १९९६ मध्ये प्रथम इंग्लंडच्या नैऋत्य भागात आणि १९९८ पर्यंत सर्वत्र मिळाली. २०२२ च्या जुलैपासून तर हा बदल पाच कामकाजाच्या दिवसांत उरकता येतो. तो करताना घरात येणारी नळी बदलत नाही, तीतून येणारा गॅसही बदलत नाही. बदलतो तो बिल पाठविणारा आणि त्याचबरोबर मीटरची जबाबदारी वाहणारा. यांतील पहिली गोष्ट सर्वांच्या ध्यानात असते; दुसरी मात्र मीटर अडेपर्यंत फारसे कोणी मनावर घेत नाही.

तेथील जबाबदारीची वाटणी नीट समजून घेण्यासारखी आहे. गॅसचा वास आला तर पुरवठादारास नव्हे, तर ०८०० १११ ९९९ या राष्ट्रीय क्रमांकास कळवावयाचे. तो रात्रंदिवस चालू असतो आणि त्यास पैसे पडत नाहीत. गळती ग्राहकाच्या हाताने थांबण्यासारखी नसेल तर तासाभरात आणि चावी बंद करून थांबली असेल तर दोन तासांत माणूस दाराशी यावा, असा दंडक आहे. हा माणूस नळ्यांचे जाळे सांभाळणाऱ्या कंपनीचा असतो आणि पुरवठादार कोणीही असला तरी तोच येतो. त्याचे काम धोका टाळण्याचे. घरातील साधने दुरुस्त करून देणे हे त्याचे काम नव्हे. मीटरच्या पलीकडील घरातली नळी, शेगडी आणि घर ऊबदार ठेवणारा बॉयलर ही घरमालकाची जबाबदारी. या दोहोंच्या मध्ये उरला मीटर. तो चालू ठेवणे हे पुरवठादाराचे कर्तव्य आहे, आणि म्हणूनच पुरवठादार बदलताना त्याविषयी विचारणे अवश्य ठरते.

आगाऊ पैसे भरून चालणारा मीटर बिघडला तर घर तत्काळ गारठते आणि चूल विझते. असे मीटर बहुधा बेताच्या प्राप्तीच्या कुटुंबांत आढळतात, म्हणून नियमांनी येथे कडक मुदत घातली आहे. कामकाजाच्या दिवशी तीन तासांत आणि सुटीच्या दिवशी चार तासांत पुरवठादाराने दखल घेतलीच पाहिजे. साध्या मीटरविषयी तक्रार असेल, तर चौकशी करून पुढील पाऊल ठरविण्यास पाच कामकाजाचे दिवस मिळतात. मुदत चुकली तर ग्राहकास ठराविक भरपाई मिळते. ती २०२५ मध्ये ३० पौंडांवरून ४० पौंडांवर नेण्यात आली. तरतूद चांगलीच आहे. परंतु जानेवारीच्या थंडीत कुडकुडणाऱ्या मुलास चाळीस पौंडांनी ऊब येत नाही. तेव्हा नियम काय म्हणतो एवढे वाचून थांबू नये. रविवारी रात्री दूरध्वनी कोण उचलतो, मुदत कोणत्या घटकेपासून मोजली जाते आणि तोवर घरात तात्पुरती ऊब व शिजविण्याची सोय कोण करून देतो, हे नव्या पुरवठादारास आधीच विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

येथे आणखी एक घोटाळा संभवतो. अनेक पुरवठादार ‘आपत्कालीन संरक्षण’ या नावाने दरमहा वर्गणीची योजना विकतात. ती बहुशः बॉयलरसाठी आणि घरातील नळ्यांसाठी असते. स्वाभाविक बिघाड झालेला मीटर नीट करून देणे हे तर पुरवठादाराचे मुळातलेच कर्तव्य. त्यासाठी वेगळी वर्गणी भरण्याचे कारण नाही. उलट, बॉयलरचे संरक्षण हा स्वतंत्र करार असल्यामुळे पुरवठादार सोडल्यावर तो चालू राहतो की नाही, हे त्या कराराच्या शर्ती वाचल्यावाचून कळत नाही. आरंभीच्या काही दिवसांत मदत नाकारण्याची अट, प्रत्येक फेरीला ग्राहकाने सोसावयाची रक्कम आणि जुन्या बॉयलरास वगळणारे कलम ही तीन ठिकाणे आधी पाहावीत. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाने तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बिल स्वतः भरत असल्यास पुरवठादार निवडण्याचा हक्क भाडेकरूचा असतो, पण घरमालकाने दिलेल्या गॅसच्या साधनांची दरवर्षी तपासणी करून घेणे हे घरमालकावर बंधनकारक आहे. ते ओझे आपल्या शिरावर घेण्याचे कारण नाही.

वृद्ध, आजारी आणि लहान मुले असलेली कुटुंबे यांच्यासाठी प्रत्येक पुरवठादाराकडे अग्रक्रमाची नोंदवही असते. नाव त्या वहीत असेल तर पुरवठा बंद पडल्यास आधी मदत मिळते. जुन्या पुरवठादाराकडे नाव होते, म्हणजे नव्याकडे ते आपोआप गेलेच असेल, असे धरून चालू नये. घरात वृद्ध आईवडील असतील तर पुरवठादार बदलताना पहिले पत्र याच विषयाचे असावे.

नुसत्या स्वस्त दराची परिणती काय होते, हे २०२१ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. घाऊक बाजारात गॅसचे भाव कडाडताच जुलै २०२१ नंतरच्या वर्षभरात ब्रिटनमधील सुमारे तीस पुरवठादार कोसळले. कोणाचाही गॅस तुटला नाही, कारण नियामकाने त्यांचे ग्राहक इतरांकडे सोपविले. परंतु त्याचा खर्च सर्व ग्राहकांच्या बिलांवर पसरला, आणि ज्यांनी कधी पुरवठादार बदललाही नव्हता, त्यांनाही तो भरावा लागला. स्वस्ताईचा लाभ काहींना झाला, तिची किंमत मात्र सर्वांनी मोजली.

आता आपल्या घराकडे वळू. नळाने येणाऱ्या गॅसच्या बाबतीत आपल्याकडे एका वस्तीत साधारणतः एकच कंपनी असते, त्यामुळे निवडीचा प्रश्न अजून उभा राहिलेला नाही. विजेच्या बाबतीत मात्र मुंबईच्या उपनगरांना हा अनुभव आहे. २००९ पासून तेथील ग्राहकांना रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घेता येऊ लागली. वीज एकाची आणि तार दुसऱ्याची! अशा वेळी दिवे गेले तर धाव कोणाकडे घ्यावयाची, हा प्रश्न नागरिकास पडणारच. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसृत केलेल्या विद्युत सुधारणा विधेयकाच्या मसुद्यात, अनेक परवानाधारकांनी तारांचे एकच जाळे वापरावे, अशी कल्पना मांडण्यात आली. ती देशभर अमलात आली, तर उपनगरांतील ग्राहकाचा प्रश्न गावोगावच्या ग्राहकाचा होईल.

म्हणून आमची मागणी साधी आहे. निवडीचे स्वातंत्र्य अवश्य द्यावे. परंतु प्रत्येक पुरवठादाराने दरपत्रकाच्या शेजारीच, तितक्याच ठळक अक्षरांत, बिघाड कोणी निवारावयाचा, किती तासांत आणि न निवारल्यास भरपाई किती, हे छापले पाहिजे, असे बंधन नियामकाने घालावे. मोठ्या अक्षरांत दर आणि बारीक अक्षरांत जबाबदारी, ही रीत ग्राहकांनीही चालू देऊ नये. तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही, आणि मीटर बंद पडल्यावर शर्ती वाचून उपयोग नसतो. ज्या दिवशी करारावर सही करावयाची, त्याच दिवशी हे प्रश्न विचारले पाहिजेत. त्यांची सरळ उत्तरे जो देणार नाही, त्याचा दर कितीही कमी असला, तरी त्याच्याकडे जाण्याची घाई कोणी करू नये.